गेमिंगचा हात आरओव्हीवर चालतो का?

बोया_३१
मंडळी, आमच्या कॉलेजच्या टीमकडे ब्लूआरओव्ही२ आलाय, म्हणजे पाण्याखाली दूरून चालवायचं यंत्र (आरओव्ही). सहा थ्रस्टर (ढकलणाऱ्या पंख्याच्या मोटरी), शंभर मीटर टेदर (यंत्राला जोडलेली केबल), लॅपटॉपवर क्यूग्राउंडकंट्रोल हे चालवायचं सॉफ्टवेअर आणि हातात साधा एक्सबॉक्सचा कंट्रोलर. आधी तरणतलावात आणि मग धरणाच्या भिंतीजवळ चालवायचा आहे. पायलट कोण, यावरून टीममध्ये दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, जो रोज चार तास शूटिंग गेम खेळतो त्यालाच बसवा, बोटं आयती तयार आहेत. दुसरा म्हणतो, गेमवाला पहिल्याच दिवशी टेदर शिडीला गुंडाळून ठेवील. माझं मत पहिल्या गटाकडे झुकतंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा, १५०० ल्युमेनचा चालेल.

चिवडा_पोहे
गेममध्ये मेलं की पुन्हा जन्म. इथे मेलं की कॉलेजचा अकाउंट्स विभाग.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तांडेल
बोया, हात चालतो, पण पहिली दहा मिनिटं उलटा चालतो. कारण ऐका.

शूटिंग गेममध्ये कंट्रोलरच्या डाव्या काडीने (स्टिकने) चालायचं आणि उजव्या काडीने बघायचं, हे बोटांत मुरलेलं असतं. आर्डुसबमध्ये, म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये, मोड २ असेल तर मांडणी ड्रोनसारखी असते. डावी काडी वर-खाली आणि वळणं, उजवी काडी पुढे-मागे आणि आडवं सरकणं. गेमवाला पुढे जायला डावी काडी दाबतो आणि आरओव्ही सरळ वर निघतो. घाबरून तो काडी मागे ओढतो, की यंत्र तळावर. तरणतलावात हे हसण्यावारी जातं, धरणात तळाचा गाळ उडतो.

उपाय सोपा आहे. जॉयस्टिक कॅलिब्रेट करतानाच मोड विचारला जातो. मोड २ असेल तर तो मोड ३ करा. मग डाव्या काडीवर पुढे-मागे आणि आडवं, उजवीवर वर-खाली आणि वळण येतं, म्हणजे गेमच्या जवळपास. पण टीममधल्या सगळ्यांसाठी एकच मोड ठरवा. एकाने मोड २ आणि दुसऱ्याने मोड ३ वापरला तर पाळी बदलताना घोटाळा ठरलेला.

दुसरं, गेन. डी-पॅडवर वर-खाली दाबलं की जोर वाढतो-कमी होतो. चार पायऱ्या असतात: २५, ५०, ७५ आणि १०० टक्के. सुरुवात ५० वर होते. भिंतीजवळ २५. गेमवाल्याला २५ वर यंत्र 'मेलेलं' वाटतं आणि तो गुपचूप ७५ करतो. शेजारी बसणाऱ्याने स्क्रीनवरच्या त्या आकड्यावर डोळा ठेवावा.

उलटा_काटा
तांडेलशी सहमत, पण काड्यांची मांडणी अर्ध्या तासात अंगवळणी पडते. खरी अडचण वेगळी आहे.

गेममध्ये काडी सोडली की माणूस जागच्या जागी थांबतो. पाण्यातलं यंत्र थांबत नाही. ब्लूआरओव्ही अकरा किलोच्या आसपास. पाण्यात त्याचं वजन शून्याजवळ असतं म्हणून तो हलका वाटतो, पण वस्तुमान कुठेही गेलेलं नसतं, शिवाय आजूबाजूचं पाणी सोबत घेऊन तो सरकतो. काडी सोडल्यावरही घसरत राहतो. समुद्रात जड कामं करणाऱ्या मोठ्या 'वर्क क्लास' आरओव्हीचं हवेतलं वजन तीन-चार टन, त्याचं घसरणं तर विचारूच नका.

गेमवाला काय करतो? घसरतोय दिसलं की जोरात उलटी काडी. मग यंत्र मागे जातं, की पुन्हा पुढे. दर झोक्याला हेलकावा वाढत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं करंट आहे. करंट नसतो, अंगठा असतो.

शिकवायचं ते टिचकी मारायला. काडी अर्धा सेकंद ढकल, सोड, बघ. थांबवायला तेवढीच उलटी टिचकी. जे लोक अंतराळयानं एकमेकांना जोडण्याचे गेम खेळलेत त्यांना हे आधीच कळतं. धडाधड गोळ्या झाडणाऱ्यांना नाही.

गवती_चहा
मी वेगळं सांगते. गेमचा फायदा होतो याला थोडाफार आधार आहे, पण तो कुठला ते नीट बघा. २००७ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'त दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा सराव करणाऱ्या ३३ सर्जनांचा अभ्यास आला. पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्यांच्या चुका ३७ टक्के कमी होत्या आणि वेग २७ टक्के जास्त. आरओव्हीशी हे काम बरंच मिळतंजुळतं आहे: डोळा स्क्रीनवर, हात दुसरीकडे, खोली सपाट चित्रातून ओळखायची.

पण हा फक्त संबंध आहे. मुळात हात चांगला असलेली माणसंच गेमकडे वळली असतील, हेही शक्य आहे. कार्यकारण दाखवायचं तर न खेळणाऱ्यांना खेळायला लावून मोजावं लागतं. तसं २००३ मध्ये 'नेचर'मधल्या ग्रीन आणि बॅव्हेलिए यांच्या कामात केलं होतं. रोज तासभर असे दहा दिवस ॲक्शन गेम खेळवल्यावर नवख्यांचं दृश्य अवधान सुधारलं. अवधान म्हणजे पडद्यावर एकाच वेळी कितीकडे लक्ष राहतं ते. पायलटला खोली, दिशा, टेदर, बॅटरी आणि चित्र हे सगळं एकदम बघावं लागतं, तिथे हे उपयोगी पडेल. यात यंत्र हाकण्याबद्दल मात्र काहीच सिद्ध झालेलं नाही.

सोनार_बाई
+१ गवती चहा. एक अवांतर भर: सपाट काचेच्या खिडकीतून पाण्यात बघितलं की वस्तू एक तृतीयांश मोठी आणि खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर दिसते. घुमटाकार काचेत हा दोष बराच जातो. गेममध्ये अंतराचा अंदाज कधीच असा फसत नाही, त्यामुळे गेमवाल्याचा आत्मविश्वास इथे अंगाशी येतो.

अंतर ओळखायची जुनी युक्ती म्हणजे सावली. दिवा किंचित बाजूला लावा. ग्रिपरची (यंत्राच्या चिमट्याची) सावली वस्तूवर पडते. ग्रिपर आणि सावली एकमेकांजवळ सरकत जातात आणि भिडतात, तिथे स्पर्श. दोन समांतर लेझर दहा सेंटिमीटर अंतरावर बसवले तर आकारही मोजता येतो. भेग किती रुंद आहे हे नुसत्या चित्रावरून सांगणारा पायलट म्हणजे पुड्या सोडणारा.

नट_बोल्ट
धागा छान चाललाय, पण हे सगळं वाचून कोणी 'गेम खेळून नोकरी' असं समजू नका. समुद्रातल्या कामावर पदाचं नावच पायलट टेक्निशियन असतं. आधी टेक्निशियन, मग पायलट. आयएमसीए या सागरी कंत्राटदारांच्या संघटनेच्या चौकटीत पायलट टेक्निशियन ग्रेड २, मग ग्रेड १ आणि पुढे सुपरवायझरपर्यंत अशी चढण आहे आणि आत शिरताना इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, हायड्रॉलिक्स किंवा मेकॅनिकलची पार्श्वभूमी बघतात. बारा तासांच्या पाळीत काडी हातात असते त्याहून जास्त वेळ पाना, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि तेलाचा डबा हातात असतो.

अम्बिलिकलचं (जहाजाकडून येणाऱ्या जाड केबलचं) इन्सुलेशन घसरलं, फायबरचं टर्मिनेशन (टोकाची जोडणी) तुटलं, कॉम्पेन्सेटरमध्ये (दाब सांभाळणाऱ्या टाकीत) तेल कमी झालं, तर जगातला सर्वांत भारी गेमर डेकवर उभा राहून बघत बसेल.

चिवडा_पोहे
म्हणजे गेमरने चिट कोड टाकायच्या आधी पाना उचलायचा. नोंद घेतली.

किनारा_दूर
नट_बोल्ट, बरोबर. पण मॅनिप्युलेटरवर, म्हणजे यंत्राच्या हातांवर, गेमिंगचा हात दिसतो, तेवढं मान्य करा. मोठ्या आरओव्हीवर साधारण दोन हात असतात. डावा पाच हालचालींचा, दणकट. तो कशाला तरी धरून यंत्राला स्थिर ठेवतो. उजवा सात हालचालींचा, नाजूक कामाचा. तो छोट्या मास्टर आर्मने चालतो. टेबलावर त्याच हाताची वीतभर प्रतिकृती असते, ती जशी वळवाल तसा खाली खरा हात वळतो. इथे बटणांची सवय कमी आणि मनगटाचा संयम जास्त लागतो.

नवखा नेहमी एकच चूक करतो. मास्टर आर्म 'फ्रीज' करून चहा घेतो, परत येऊन प्रतिकृती वेगळ्या जागी असतानाच फ्रीज काढतो, आणि खालचा हात एका झटक्यात त्या नव्या जागेकडे उडी मारतो. समोर व्हॉल्व्ह पॅनेल असेल तर कल्याण. आधी प्रतिकृती स्क्रीनवरच्या हाताच्या स्थितीशी जुळवायची, मगच फ्रीज काढायचं.

व्हॉल्व्ह फिरवायचा टॉर्क टूलही तसाच. या टूलच्या ताकदीच्या श्रेणी असतात, त्यात क्लास ४ ची मर्यादा २७११ न्यूटन मीटर आहे. टॉर्क (पिळायचा जोर) जास्त लावला तर व्हॉल्व्हचा दांडा पिळवटतो, म्हणून फेरे मोजायचे आणि ड्रॉइंगमध्ये लिहिल्याइतकेच द्यायचे. गेममध्ये बटण जास्त वेळ दाबल्याने दार तुटत नाही.

बोया_३१
खूपच माहिती मिळतेय, धन्यवाद. पण आमच्या यंत्राला मास्टर आर्म नाही, साधा उघड-मीट ग्रिपर आहे. मुद्दा पायलट निवडीचा होता. आणि टायटन पाणबुडीत गेमचा कंट्रोलर होता म्हणे, त्यावरूनही आमच्याकडे वाद पेटलाय.

उलटा_काटा
तो वाद कंट्रोलरवर ढकलणं चुकीचं आहे. जून २०२३ मध्ये टायटन फुटली आणि पाच माणसं गेली, ती कार्बन फायबरच्या कवचामुळे. लॉजिटेकच्या कंट्रोलरने काही केलं नाही. अमेरिकी नौदलाच्या यूएसएस कोलोराडोवर, जी २०१८ मध्ये दाखल झाली, पेरिस्कोपच्या जागी असलेला फोटॉनिक्स मास्ट एक्सबॉक्सच्या कंट्रोलरनेच फिरवतात. पोरं आधीच शिकून आलेली असतात, शिकवायला वेळ लागत नाही, आणि सुटा भाग कुठेही मिळतो.

फक्त बिनतारी कंट्रोलर घेऊ नका. बॅटरी संपली किंवा जोडणी तुटली तर अडाल. यूएसबी वायरवाला घ्या, आणि एक जादा पिशवीत ठेवा.

भांगाचा_दिवस
तुम्ही सगळे काडीवर बोलताय, मी टेदरवर बोलतो, कारण निम्मा खेळ तिथे आहे आणि कुठल्याच गेममध्ये तो नाही. गेममधल्या माणसाच्या कमरेला शंभर मीटर दोरी बांधलेली नसते.

हिशोब करा. ब्लूआरओव्हीचा टेदर ७.६ मिलिमीटर जाडीचा. शंभर मीटर सोडलाय आणि एक नॉटचा (ताशी १.८५ किलोमीटर) प्रवाह आडवा लागतोय असं धरलं तर नुसत्या टेदरवर बारा किलोच्या आसपास ओढ येते. यंत्राचा पुढचा जोर सगळा मिळून नऊ किलो. काही भार बोटीकडचं टोक घेतं, तरी हे गणित पायलटच्या बाजूचं नाही. प्रवाह निम्मा केला की ओढ चौथाई होते, म्हणजे तीन किलो. म्हणून समुद्रात काम उधाणात ठेवायचं नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा ठेवायचं, आणि भरती-ओहोटीच्या मधला पाणी थबकण्याचा वेळ गाठायचा. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढउतार करतं, तिथे घाई करणाऱ्याचं यंत्र वाहत जातं आणि पायलट कॅमेऱ्यात 'पुढे चाललोय' बघत बसतो.

गेमवाल्याची दुसरी सवय म्हणजे गरागरा फिरून आजूबाजूला बघणं. दर ३६० अंशांना टेदरला एक पीळ. आर्डुसब हे फेरे मोजतं, क्यूग्राउंडकंट्रोलच्या आकड्यांत 'टेदर टर्न्स' लावून ठेवा. उजवीकडे दोन फेरे झाले तर डावीकडे दोन घ्यायचे, वर येताना आकडा शून्य.

तिसरी सर्वांत वाईट. खांबांच्या मधून शिरायचं आणि समोर वाट दिसली म्हणून पलीकडून बाहेर पडायचं. गेममध्ये ही हुशारी आहे. इथे टेदर खांबाला अडकला. ज्या वाटेने आत, त्याच वाटेने बाहेर, मागे-मागे. अडकलाच तर ओढायचं नाही. थांबायचं, वळायचं, आणि टेदर बघत बघत मागे जायचं.

सोनार_बाई
या शेवटच्या परिच्छेदाला दंडवत. बॉम्बे हायसारख्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, जिथे पाणी सत्तर-ऐंशी मीटर खोल आहे, प्लॅटफॉर्मच्या जॅकेटची (पाण्यातल्या पोलादी सांगाड्याची) तपासणी म्हणजे अक्षरशः पोलादी जाळीत फिरणं. तिथलं एक काम सांगते, म्हणजे 'अचूक निशाणा' कशाला म्हणतात ते कळेल.

कॅथोडिक प्रोटेक्शन (पोलादाला गंजापासून वाचवणारी विद्युत व्यवस्था) बघायला पोलादाला टोकदार प्रोब टेकवायचा असतो. आधी त्या जागेवरची शिंपली-शेवाळं ब्रशने खरवडायची, अगदी तळहाताएवढी जागा. मग प्रवाहाकडे नाक करून प्रोब काटकोनात टेकवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत काही सेकंद तसाच दाबून ठेवायचा. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ८०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आलं तर पोलाद सुरक्षित. आकडा नाचत असेल तर प्रोब पोलादाला लागलेलाच नाही, मधे शिंपलं आहे. नवखा पायलट नाचत्या आकड्यातला मनाला भावेल तो वाचतो. गेममध्ये गोळी लागली की नाही ते स्क्रीन सांगते, इथे ते पायलटने ठरवायचं असतं.

शिवाय पोलादाजवळ होकायंत्र भरकटतं. दिशा धरून ठेवणारा मोड चालू असेल तर यंत्र आपोआप वळायला लागतं. त्यावेळी मॅन्युअलला जा, यंत्राशी भांडू नका.

खारी_बिस्किट
बॉम्बे हाय नाही हो, मुंबई हाय.

सोनार_बाई
बरं, मुंबई हाय. १९७४ ला तेल लागलं तेव्हा बॉम्बेच होतं.

गवती_चहा
किनाऱ्यावर बसून दूरून चालवण्याचं काय? नॉर्वेत स्टाव्हँगरला बसून समुद्रातले आरओव्ही चालवतात. ऑनलाइन गेमवाल्यांना 'लॅग' (आज्ञा आणि चित्रातला उशीर) म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तिथे त्यांचा फायदा होत असावा.

किनारा_दूर
होतो, पण अर्धा. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. आज्ञा जाऊन चित्र परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. खालच्या कक्षेतले उपग्रह किंवा फायबर असेल तर हे बरंच कमी होतं. लॅग असताना गेमवाला पुढचा अंदाज बांधून काडी चालू ठेवतो. दूरून चालवताना उलट करायचं असतं: एक टिचकी, हात काडीवरून बाजूला, चित्र येऊ दे, मग दुसरी. कंटाळवाणं आहे. पण म्हणूनच दिशा, खोली आणि जागा धरून ठेवायचं काम यंत्राकडे देतात, माणूस फक्त 'दहा सेंटिमीटर उजवीकडे' एवढंच सांगतो.

नट_बोल्ट
म्हणजे पुढे काडीच जाणार आणि पाना राहणार. माझं म्हणणं कायम.

भांगाचा_दिवस
बोया, धरणाबद्दल एक गंभीर गोष्ट, मग गाडी मूळ प्रश्नावर. पाणी सोडायचे दरवाजे आणि इनटेक (पाणी आत ओढणारी तोंडं) बंद आहेत हे धरणाच्या अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, तेही यंत्र पाण्यात उतरवायच्या दिवशीचं. उघड्या इनटेकच्या ओढीपुढे नऊ किलोचा जोर म्हणजे काहीच नाही.

तरणतलाव आणि धरण दोन्ही गोडं पाणी, तेव्हा वजनं तीच राहतील. समुद्रात जाल तेव्हा अकरा किलोच्या यंत्राला साधारण २७५ ग्रॅम जास्त वजन लागेल, म्हणजे २०० ग्रॅमचं एक आणि थोडं. यंत्र किंचित तरंगणारं ठेवा. मग खाली राहायला थ्रस्टर पाणी वर फेकतात आणि तळाचा गाळ उडत नाही. जड ठेवलं तर ते सतत पाणी खाली मारतं आणि दोन मिनिटांत स्क्रीन चहासारखी.

गाळ उडाला तर हलायचं नाही. दिवे कमी करा, कारण उजेड कणांवरून परत डोळ्यात येतो. पाच-दहा मिनिटं बसा. इथे गेमवाल्याची कसोटी लागते, हातात कंट्रोलर असून काही न करणं त्याला जमत नाही.

तांडेल
आता निवड. बोया, वादावर वाद नको, तलावात सगळ्यांची एक-एक परीक्षा घ्या, प्रत्येकी वीस मिनिटं.

तळाशी एक फरशी निवडा, त्यावर खूण करा. डेप्थ होल्ड (खोली आपोआप धरून ठेवणारा मोड) चालू, गेन २५, फरशीपासून अर्ध्या मीटरवर दोन मिनिटं उभं राहायचं, खूण स्क्रीनच्या मधल्या तिसऱ्या भागातून बाहेर जाऊ द्यायची नाही. मग तेच मॅन्युअलमध्ये. मग दोरीला लटकवलेल्या हुलाहूपमधून आत आणि त्याच वाटेने मागे, टेदर हूपला न लावता. शेवटी ग्रिपरने तळावरचा बोल्ट उचलून बादलीत.

आणि परीक्षा चालू असताना मधेच, न सांगता, स्क्रीनवर पुठ्ठा धरा आणि विचारा: "तू आता कुठे आहेस, नाक कुठे, टेदर कुठल्या बाजूला?" जो कागदावर बरोबर काढून दाखवेल तो पायलट. मग तो दिवसाला चार तास गेम खेळो, नाहीतर पत्ते.

पाण्यात उतरवण्याआधी यंत्राच्या बंद नळीत पंपाने १० इंच पाऱ्याचा निर्वात करून पंधरा मिनिटं थांबा. काटा लक्षात येण्याइतका उतरला तर ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर) केस किंवा वाळूचा कण आहे. काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, पुन्हा. आणि थ्रस्टर हवेत काही सेकंदांपलीकडे फिरवू नका, त्यांच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं.

बोया_३१
पुठ्ठ्याची कल्पना जबरी आहे, तशीच घेतो. गट एक आणि गट दोन, दोघांनाही मान्य झालं. टेदर धरणाऱ्याला शब्द काय द्यावेत? आम्ही 'ओढ', 'सोड' आणि 'थांब' ठरवलेत.

भांगाचा_दिवस
'ओढ' आणि 'सोड' वाऱ्यात एकसारखेच ऐकू येतात. 'ढील', 'ताण' आणि 'थांब' ठेवा. आणि टेदर धरणाऱ्याने शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच हात हलवायचा.